कडी आपोआप उघडत नाही

सकाळी यांनी टेबलावर मूठ आपटली आणि लॅपटॉप फरशीवर पडला. पडण्याआधी त्यातली बाई एवढंच बोलली, "ती कुठेही जाणार नाही." ती म्हणजे मी. लेकीने बाळंतपणासाठी मला सहा महिने बोलावलं होतं. तिकीट काढू का, हे विचारायला ती दुपारी चारला फोन करणार होती. माझं उत्तर यांनी मला न विचारताच तयार ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, त्यात यांची वाचा गेली आणि उजवा हात गेला. स्वभाव तेवढा शाबूत राहिला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या घरी येऊन बघावं. हे डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतात आणि लॅपटॉपमधली बाई ते गोड आवाजात वाचते. भाजी खारट आहे. तुला अक्कल नाही. चाळीस वर्षं हे यांच्या तोंडून ऐकलं, आता परक्या बाईकडून ऐकते. पेन धरलं तर रेघोट्या येतात, मोबाइलवर बोट थरथरतं. म्हणजे यांचं सगळं बोलणं त्या एका डबड्यात.

उचलून पाहिला तर पडदा चालू होता, पण एकही बटण चालेना. यांनी दाराकडे बोट दाखवलं. मी लॅपटॉप पिशवीत घालून निघाले.

"बंद करून परत चालू केलात?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"दोनदा."

"पाणीबिणी सांडलं?"

"नाही हो, नुसता पडला."

त्याने स्वतःचा कीबोर्ड वायरने जोडला. पडद्यावर अक्षरं भराभर उमटली. "मशीन ठणठणीत आहे, काकू. आतली पट्टी सरकली असणार." त्याने स्क्रू काढून खालचं झाकण उचललं. बोटभर रुंदीची एक चपटी पट्टी खाचेतून तिरकी बाहेर आली होती. खाचेवर तिला दाबून धरणारी एक काळी कडी होती. त्याने नखाने कडी उचलली, पट्टी सरळ बसवली, कडी दाबली. सगळी बटणं चालू! दोन मिनिटांचं काम.

"धक्क्याने पट्टी सरकते. कडी मात्र नखाशिवाय उघडत नाही," तो कौतुकाने म्हणाला.

"आता परत काढा," मी म्हणाले.

"काय काढू?"

"पट्टी. आणि झाकण लावा."

तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "काकू, हा वापरतं कोण?"

"माझे मिस्टर. त्यांना बोलता येत नाही, यातूनच बोलतात."

त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "माझ्या हातून नाही व्हायचं हे."

मग मीच कडी उचलली आणि पट्टी ओढली. त्याने झाकण लावून दिलं. मी दारातून बाहेर पडताना तो म्हणाला, "तोवर माउसने पडद्यावरची अक्षरं दाबता येतात, त्यांना सांगा." घरी पोचल्यावर मी सगळ्यात आधी माउस पर्समध्ये टाकला; लॅपटॉपचं टचपॅड कधीचंच बंद होतं.

"नाही होत म्हणाला. भागच मिळत नाही," मी सांगितलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. यांचं तीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि स्क्रूड्रायव्हर हातात द्यायला मी. यांनी स्क्रूड्रायव्हरच्या खणाकडे बोट दाखवलं. नाही म्हणाले असते तर संशय आला असता, म्हणून मी झाकण उघडलं आणि स्क्रू एकेक करून यांच्या तळहातावर ठेवले.

यांनी वाकून बघितलं. पट्टी बाहेर होती आणि कडी उघडी. कडी परत दाबायची मी विसरले होते. यांची नजर कडीवरून माझ्या नखावर आली आणि तिथेच थांबली. एवढ्यात फोन वाजला.

मी स्पीकर लावला. "आई, ठरलं का? बाबा काय म्हणतायत?"

यांनी स्क्रू मुठीत धरूनच मनगटाने माझा हात कडीकडे ढकलला. पट्टी धरायला एक हात लागतो, कडी दाबायला दुसरा, आणि यांच्याकडे एकच आहे. यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं होतं, अशा वेळी दया येईल. नाही आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो, ते कळू दे म्हटलं एकदा.

"हो म्हणतायत. काढ तिकीट."

यांनी टेबलावर मूठ आपटली, दोनदा, तीनदा.

"कसला आवाज गं?"

"आनंदाने टेबल वाजवतायत."

"पण सहा महिने त्यांचं कसं?"

"म्हाताऱ्यांची सोय करतात ना, तिथे ठेवते. तेच म्हणाले."

"बाबा म्हणाले? खरंच? मग त्यांनाच बोलू दे की दोन शब्द."

"लॅपटॉप पडला गं सकाळी. येताना घेऊन येते, तिकडे दुरुस्त होतो का बघू."

फोन ठेवला. झाकण जागेवर बसवलं आणि स्क्रूंसाठी हात पुढे केला. यांनी मूठ घट्ट आवळली. मी एकेक बोट सोडवून सगळे स्क्रू काढून घेतले.