न लागलेला दिवा

आम्ही जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती. काळी, रुंद, चकचकीत. विक्रेत्यानं "या ताई, गार हवेत बसा," म्हणत दार इतक्या अदबीनं उघडलं, की मी चपला झटकूनच आत पाय ठेवला.

नवरा केव्हाच विरघळला होता. "छताची काच बघितलीस? बाळाला आभाळ दिसेल!"

"बाळाला सध्या स्वतःचे पाय सापडले तरी पुष्कळ आहे."

आमचं बाळ सात महिन्यांचं. या गाडीत ते रोज बसणार होतं, म्हणून गेले आठ दिवस दुपारी ते झोपलं की मी गाडीचं माहितीपुस्तक वाचत होते. यावर नवऱ्याचं म्हणणं, "परीक्षेला बसणारेस की गाडीत?" घरात माझं नाव इन्स्पेक्टर पडलंय. पडू दे.

सोबत मेकॅनिककाका होते. माझ्या वडिलांची गाडी वीस वर्षं त्यांच्याच हातची. ते बॉनेटखालून वैतागून म्हणाले, "इंजिन आधीच तापवून ठेवलंय. थंड असताना कुरकुरतं का, ते आता कसं कळायचं?"

"अहो काका, बाळ येणार म्हणून एसी लावला हो!" विक्रेता म्हणाला.

काकांनी खालून-वरून सगळं पाहिलं. गळती नाही, गंज नाही, टायर ठीक. नवरा माझ्याकडे जिंकल्यासारखा बघायला लागला. मी बाळाला त्याच्या हातात दिलं.

"बंद करा गाडी. मला पहिल्यापासून सुरू करून बघायचीय."

"चालू तर आहे ताई, परत काय सुरू करायचं?"

"माझ्या समाधानासाठी."

मी चालकाच्या जागेवर बसले. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं, की या गाडीचं इंजिन गप्प राहतं आणि समोरचे इशारा देणारे दिवे तेवढे लागतात. गाडी सगळी यंत्रणा तपासते, मग ते एकेक करून विझतात. मी बटण दाबलं. ब्रेकचा दिवा लागला, तेलाचा लागला, बॅटरीचा लागला. एअरबॅगचा लागलाच नाही.

पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबलं. याही वेळी नाहीच.

"एअरबॅगचा दिवा लागत नाहीये."

विक्रेता हसला. "ताई, लाल दिवा नाही म्हणजे दोष नाही. चांगलंच आहे की!"

"आमचं बाळ जन्मल्यावर अर्धा मिनिट रडलं नव्हतं," मी म्हटलं. "तेव्हा कुणी मला 'किती शांत आहे हो' म्हटलं असतं ना, तर मी खाटेवरून उठून मारलं असतं. आधी रडायला हवं, मग गप्प व्हायला हवं. हा दिवासुद्धा आधी लागायला हवा."

नवऱ्याचं हसू मावळलं. तो त्या अर्ध्या मिनिटात तिथेच उभा होता.

काका हात पुसत आले. त्यांनी तपासणीचं यंत्र जोडलं, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि डॅशबोर्डच्या डाव्या बाजूवर बोटानं टकटक केलं. "इथलं झाकण नंतर बसवलंय. यंत्राला एअरबॅगकडून काही उत्तरच मिळत नाही. गाडी कुठंतरी जोरात आदळलीय. एअरबॅगचे फुगे फुटले, नवे बसवले नाहीत आणि ते कळू नये म्हणून दिवा मारून टाकला." ते माझ्याकडे वळले. "मी खाली चाकं बघत बसलो, पोरी. हे माझ्याकडून सुटलं होतं."

"मला खरंच ठाऊक नव्हतं," विक्रेता पुटपुटला. "नवीन बसवून देतो. दोन दिवसांत."

नवऱ्यानं एकदा त्या काचेच्या छताकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हणणार, बसवून देतायत ना, मग काय हरकत आहे? त्यानं बाळाला घट्ट धरलं.

"दिवा ज्यानं मारला, त्यानं आणखी काय काय मारलंय कुणास ठाऊक," तो म्हणाला. "नको ही."

मी खाली उतरले. रांगेच्या टोकाला एक राखाडी गाडी उभी होती, साधी, काचेच्या छताबिताची नाही. तिच्या बॉनेटवर हात ठेवून पाहिला. थंडगार.

"हिची किल्ली आणा," मी विक्रेत्याला म्हटलं. "सुरू मी करणार."