सहा बिछान्यांची गाडी

इंदापूरजवळ हायवेच्या कडेला असलेल्या वजनकाट्यावर ती आत निजायची सोय असलेली नवीकोरी घरगाडी चढली, सगळे खाली उतरले, आणि आकडा दिसताच संभाजीराव हरखून गेले.

"तीन टन दोनशे! अन् ती बी रिकामी! जयवंता, कसली दणकट गाडी हाय बघ!"

जयवंताला आधी हसूच येणार होतं, पण ते ओठांवर येण्याआधीच आटलं. पणदऱ्यातल्या तिच्या या नवऱ्याने जन्मभर काट्यापुढे उभं राहून एकच मागणं मागितलं होतं, की आकडा वर जाऊ दे. उसाची ट्रॉली जड भरली की स्वारी घरी पेढे घेऊन यायची. आजही तोच आनंद तोंडावर होता. वजन कुणाचं मोजलं जातंय, याचा पत्ताच नव्हता.

"अहो, ऊस विकायला आलो न्हाय आपण," ती हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. सकाळची पोथी वाचून झाल्याशिवाय घोटभर पाणी न घेणारी बाई ती. "दारातल्या पाटीवर काय लिवलंय? सगळं भरून साडेतीन टन. मग आपल्याला उरलं किती?"

संभाजीराव बोटांवर हिशेब करायला लागले.

"तीनशे किलो," तिनेच सांगितलं. "टाकीत दीडशे लिटर पाणी भरलं की दोन माणसं बसतील. बाकीच्या चौघांनी काय मागनं पळत यायचं?"

काट्याला लागूनच शोरूम असलेला, गाडी विकणारा शंभूराज पुढे सरसावला. "काकू, गाडी मुळात हलकीच हाय. एसी, जनरेटर, टीव्ही, लाकडी कपाटं, सगळं वरनं बसवलंय ना! सहा बिछाने हायेत बघा, ऐसपैस."

"बिछाने सहा, अन् वजन दोघांचं. झोपायची सोय केली, न्यायची न्हाय."

"ट्रॉलीत आमी दुप्पट ऊस भरतो," संभाजीराव उसळले. "टायर कुठं बसलंय?"

"पणदऱ्याच्या वळणावर आडवी झालेली ट्रॉली कुणाची होती मग? ऊस सांडला, गोळा केला. माणसं सांडल्यावर काय करणार?"

काट्याच्या बाजूला लिंबाच्या सावलीत संभाजीरावांच्या आई, सरुबाई, चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. गाडी घ्यायची ती त्यांच्यासाठी. संभाजीराव लहानपणी तापाने फणफणले, तेव्हा या बाईने नर्मदामाईला परिक्रमेचा नवस बोलला होता. संसाराच्या रगाड्यात ती राहून गेली, आणि सवड मिळाली तेव्हा पाय गेले. खुर्चीसकट निजत-बसत जाता येईल म्हणून ही घरगाडी. पण संभाजीरावांनी मध्येच गावच्या सोसायटीच्या बापूसाहेबांना आणि त्यांच्या बायकोला बरोबर येण्याचा शब्द दिला, आणि आधी बघून ठेवलेली चार बिछान्यांची गाडी त्यांना एकदम लहान वाटायला लागली.

संभाजीरावांनी बायकोला बाजूला घेतलं. "असं करू. कपाटं, जनरेटर काढायला लावू. अन् आईला, तिच्या खुर्चीला ह्या साली ठिवू घरी. पुढल्या साली तिला एकटीला निवांत नेऊ. बापूसाहेबाला न्हाय म्हणलं तर नाक कापलं जाईल माझं."

जयवंताच्या कानशिलात काहीतरी तडतडलं.

"काय म्हणलात? परत म्हणा."

"हळू बोल, लोक बघत्यात."

"बघू द्या!" तिचा आवाज असा फुटला, की काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकावला. "ज्या बाईनं तुमच्या जिवासाठी देवापुढं पदर पसरला, तिचं वजन जड झालं तुमाला? अन् बापूसाहेब हलकं? पुढल्या साली म्हणं! त्यांचं पुढलं साल तुमच्या खिशात हाय का?"

"अगं, माझा शब्द..."

"आत्याबाईंचा बी शब्दच हाय! तुमच्याआधी दिलेला, तो बी देवाला!" ती गाडीवाल्याकडे वळली. "शंभूराज, आवारात ती साधी गाडी हाय ना, चार बिछान्यांची? ती काट्यावर घ्या."

"काकू, तिच्यात एसी न्हाय, टीव्ही बी न्हाय."

"परिक्रमेत टीव्ही बघायचाय कुणाला?"

साधी गाडी आली. अडीच टन भरली. पाटी तीच, साडेतीन टनांची. पाणी, शिधा, खुर्ची, सासूबाई, नवरा-बायको, गाडी चालवायला थोरला मुलगा दिग्विजय. सगळं बसून वर मोकळीक राहत होती.

"हीच," जयवंता म्हणाली, आणि नवऱ्यापुढे फोन धरला. "लावा बापूसाहेबांना. आत्ता."

संभाजीरावांनी घाम पुसत फोन लावला. "बापूसाहेब, ते... गाडीचं जरा... शोरूमवाल्यांनीच..."

तिने फोन काढून घेतला. "भावजी, शोरूमवाल्यांचा दोष न्हाय. आत्याबाईंना न्यायचंय, म्हणून तुमा दोघांची जागा काढली. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

पलीकडून काय आलं ते तिने ऐकलं नाही.

संभाजीराव आईला उचलायला खाली वाकले, तशा सरुबाई म्हणाल्या, "जरा दमानं रं. मी जड हाय म्हणत हुतास ना?"

त्यांनी मान वर केली नाही. आईला हातांवर घेऊन ते गाडीची पायरी चढले, आणि जयवंता रिकामी खुर्ची घडी करून मागून चालली. तिचा राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.