मंगळाचा मोकळा रकाना

सत्त्याऐंशी साली राजारामपुरीतल्या वधू-वर सूचक केंद्रात संगणक आला आणि तो चालवणाऱ्या अंबादासच्या डोक्यात हवा गेली. कार्डं उपसून दिवस घालवावा तेव्हा निघणारी स्थळं तो चहा निवायच्या आत काढी. यंत्राला प्रत्येक नाव तपासत बसावं लागू नये म्हणून त्याने मंगळाच्या रकान्याची वेगळी सूचीच करून ठेवली होती. ही हुशारी तो येईल त्याला ऐकवी.

टायपिंगच्या क्लासातल्या विमलाला मात्र 'तू मला आवडतेस' एवढं सांगायची या हुशाराची छाती होईना. म्हणून त्याने स्वतःचं नाव गुपचूप यंत्रात भरलं. तिचे वडील हंबीरराव आज ना उद्या येतील, यादीत आपलं नाव निघेल आणि यंत्राच्या खांद्यावर बंदूक ठेवून लग्न जमेल, असा त्याचा बेत होता.

हंबीरराव आले, तेही विमलाला घेऊन. "पावणं, कोल्हापुरातलाच ग्रॅज्वेट पोरगा काढा. अन् मंगळ नको."

अंबादासने ऐटीत अट टाकली, मंगळ 'नाही'. कागद करकरत बाहेर आला. त्यात त्याचं नाव नव्हतं! घाबरून त्याने उलट अट टाकली, मंगळ 'आहे'. तिथंही तो नव्हता.

मग आठवलं. 'असलं थोतांड मी मानत नाही' म्हणत मोठ्या बाणेदारपणे त्याने तो रकाना मोकळा सोडला होता. मोकळ्याला यंत्र 'आहे' म्हणेना, 'नाही'ही म्हणेना. साहेब दोन्ही चाळण्यांतून बाहेर.

"झालं न्हवं? द्या की कागद," हंबीरराव उठले.

"थांबा, मोकळे रकाने राहिलेत!" त्याने तिसरी अट टाकली. कागदावर एकच नाव आलं.

"ह्यो अंबादास कोन?"

"मी," तो पुटपुटला. मरणाची लाज वाटत होती.

विमला पुढे झाली. "अप्पा, क्लासात ह्यांना मी विचारलं हुतं, काय बोलायचंय का म्हणून. हे व्हय बी म्हणाले न्हाईत, न्हाय बी न्हाईत. मग मी बी ह्यांचं नाव मनातनं गाळून टाकलं." ती त्याच्याकडे वळली. "आता सांगा की. व्हय का न्हाय?"

"व्हय!" अंबादास एवढ्या मोठ्यानं ओरडला की रस्त्यावरचा रिक्षावाला गाडी थांबवून आत बघू लागला.