मागे सरकवलेली पेटी

"बाबा, तुमची गाडी ट्रेलरला ओढते, की ट्रेलर तुमच्या गाडीला मागून ढकलतो?"

प्रश्न माझा नव्हता. खांबने पैज लावली होती. खांब म्हणजे आमच्या होडीतली सगळ्यात उंच मुलगी. "बाईंसमोर, सगळ्यांसमोर विचारून दाखव, तर तुला मानलं," म्हणाली. मग काय, विचारला! होड्यांच्या शेडबाहेर हशा पिकला. आमच्या बाई, म्हणजे वल्हवणं शिकवणाऱ्या बाई, त्यासुद्धा तोंड फिरवून हसल्या.

हसण्यासारखं होतंच. घाटाखाली होणाऱ्या स्पर्धेला न्यायला शाळेच्या दोन होड्या ट्रेलरवर चढवल्या होत्या. ट्रेलरच्या पुढच्या भागात, हुकाजवळ, लोखंडी पेटी होती. तिच्यात बाईंच्या मोटरबोटीचं इंजिन आणि सगळी अवजारं. पेटी पट्ट्यांनी आवळली आणि बाबांच्या नव्याकोऱ्या पिकअपचा मागचा भाग खाली बसला, तोंड वर झालं.

"काका, गाडी ढगांकडे बघतेय हो," खांब म्हणाली.

"दम लागला असेल. टेकली जरा," दुसरी म्हणाली.

बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. कान लाल म्हणजे मिरच्या झोंबल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाबा फरशी बसवायची कामं घेतात. त्यांची जुनी गाडी रेड्यासारखी होती. इंजिन हे एवढं मोठं आणि तेल प्यायला बसली की थांबायची नाही. या वर्षी त्यांनी लहान इंजिनाची टर्बोवाली पिकअप घेतली. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरतो आणि जास्तीची हवा आत कोंबतो, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण जेवताना रोज तेच ऐकलंय. अशा गाड्यांच्या मालकांचा फोनवर एक गट आहे, 'दमदार मंडळी' नावाचा. तिथे हे सगळे काका एकमेकांना आपल्या गाडीचं मायलेज सांगतात. म्हणजे रिकाम्या गाडीचं. तेही उतारावरचं. बाबा चढ संपला की मीटर शून्यावर आणतात आणि उतार संपला की आकड्याचा फोटो काढतात. परीक्षेत फक्त चित्रकलेचे गुण सांगण्यातलाच प्रकार.

आता मुंगी. मुंगी आमच्या होडीची सुकाणूवाली. चौघी वल्ही मारतात आणि ती शेवटच्या टोकाला बसून दिशा सांभाळते, हाका देते, ओरडते. दिसायला एवढीशी, पण तिने "ओढा!" म्हटलं की काठावरची बदकं उडतात. मी तिच्यामागे राखीव. मागच्या वर्षापर्यंत मला वर्गात "हजर" म्हणतानाही घाम फुटायचा, मैत्रिणी मला कुजबुज म्हणायच्या. बाईंनी मला राखीव म्हणून घेतलं, वर्षभर रिकाम्या तळ्यावर ओरडायला लावलं आणि माझा आवाज जो बाहेर आला तो आता आत जायला तयार नाही. मला मुंगीची जागा हवी होती. खोटं कशाला बोलू? तिला शिंक आली की मी आशेने बघायचे.

आमच्या संघात एक नियम आहे. पाण्यात जी सुकाणू धरते, तिनेच रस्त्यावर सामान बांधायचं. होड्या, पेटी, सगळं. शेवटचा पट्टा तिचा, जबाबदारी तिची. तिच्या बांधण्यात चूक झाली, तर वर्षभर होडीबाहेर. मुंगीने त्या सकाळी प्रत्येक पट्टा ओढून पाहिला, वर लटकून पाहिला. मग सगळ्या जणी बाईंबरोबर बसमध्ये बसल्या आणि मी बाबांबरोबर पिकअपमध्ये.

गाडीने चढावर खरंच कमाल केली, हे कबूल करायला हवं. मागे एवढं ओझं असून बाबांनी पाय दाबला की पाठीत धक्का बसायचा. बाबा लहान मुलासारखे खूश होते. "बघितलंस? बघितलंस? जुनी असती तर इथे रडली असती!" मीही टाळ्या वाजवल्या. पण मीटरवरचा आकडा मात्र निम्म्यावर आला होता, आणि बाबा पुन्हापुन्हा तिकडेच बघत होते. सकाळचा हशाही त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

"तुझ्या त्या लंबूला सांग, गाडी टेकत नाही," मध्येच म्हणाले.

"अहो बाबा, गंमत होती ती."

"हो ना. आपणही गंमत करू."

घाटमाथ्यावरच्या पेट्रोल पंपावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि ते खाली उतरले. मी आरशात पाहिलं तर ते पेटीचे पट्टे सोडत होते! मी पळत मागे गेले.

"बाबा, काय करताय? मुंगीने बांधलंय ते."

"पेटी मागे घेतोय. सगळं वजन हुकावर आलंय म्हणून गाडी बसलेली दिसते. मागे घेतली की सरळ होईल."

"पण बाई पेटी कायम पुढेच ठेवतात."

"बाई होड्या चालवतात, मी गाड्या चालवतो. तू मला शिकवू नकोस."

पंपावरच्या एका माणसाला हाताशी घेऊन त्यांनी पेटी ढकलत ढकलत ट्रेलरच्या पार शेवटच्या टोकाला नेली, होड्यांच्या शेपटांखाली. स्वतःच्या हातांनी पट्टे लावले. मी त्यातला एक ओढून पाहिला. लोंबत होता. तसं म्हणाले, तर "पुरे झालं गं, निघायचंय" म्हणून त्यांनी मला बाजूला सारलं. गाडी मात्र एकदम सरळ उभी राहिली. बाबांनी चार पावलं मागे जाऊन फोटो काढला आणि 'दमदार मंडळी'वर टाकला. खाली लिहिलं, "दोन होड्या, इंजिन, अवजारं. पाठ ताठ."

मग उतार लागला.

बाबांनी माथ्यावर मीटर शून्य केलं होतं, हे वेगळं सांगायला नको. गाडी सुटली. ब्रेक लावला की मायलेज मरतं, हा त्यांचा मंत्र, म्हणून त्यांचा पाय ब्रेकवर नव्हताच. आकडा वर चढत होता आणि ते गुणगुणत होते. आधी मला वाटलं, रस्ता खराब आहे. गाडीचा मागचा भाग किंचित डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पण जास्त. आरशात ट्रेलर दिसेनासा व्हायचा, मग एकदम पूर्ण दिसायचा. कुत्र्याने शेपूट हलवावी तसा तो हलत होता, आणि हळूहळू शेपूटच कुत्र्याला हलवायला लागली.

"बाबा!"

बाबांनी ब्रेक दाबला आणि ट्रेलर आणखी भडकला. माझं डोकं खिडकीवर आपटलं. कुठूनतरी 'कडाड' असा आवाज आला. समोरून वाहन येत नव्हतं, हे आमचं नशीब. शेवटी आम्ही रस्त्याकडेच्या मातीत आडवेतिडवे थांबलो. बाबांनी स्टिअरिंग सोडलं. त्यांनी आधी माझं डोकं चाचपलं. "लागलं का? बाळा, लागलं का?" तो क्षण मी त्यांच्या खात्यातून काढून घेणार नाही. पण त्याच्या पुढचाही त्याच खात्यात लिहिणार आहे.

पेटी सुटून उसळली होती आणि आमच्या होडीच्या पोटात घुसली होती. बाहेरून हात घातला तर आतून बोटं दिसत होती.

मागून बस आली. बाई धावत उतरल्या, त्यांनी मला आणि बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग होडी पाहिली. "काय झालं?"

आणि माझे बाबा, घसा साफ करून, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पट्टे सैल होते. पेटी मागे सरकत गेली. लहान पोरं आहेत, व्हायचंच."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तोंड उघडलं तर बाबांनी खांद्याला धरून मला गाडीकडे वळवलं. "हिला डोक्याला लागलंय. बसवा गं कोणीतरी हिला." दोघींनी मला बसमध्ये नेऊन आडवं केलं. मी "अगं ऐका" म्हणत होते, त्या "बोलू नकोस, चक्कर येईल" म्हणत होत्या. खिडकीतून मला मुंगी दिसत होती. ती ट्रेलरभोवती फिरत होती, पट्ट्यांची टोकं हातात घेऊन बघत होती. एकदा म्हणाली, "मी आवळले होते, बाई." बस, एवढंच. बदकं उडवणारी मुलगी!

स्पर्धा आमच्यावाचून झाली. दवाखान्यात डोकं तपासून मी संध्याकाळी घरी आले, तेवढ्यात बाईंचा निरोप आला. आईने मोठ्याने वाचला. "नियमाप्रमाणे मुंगी या वर्षी होडीत नसेल. पुढच्या महिन्याच्या मोठ्या स्पर्धेला सुकाणू तू धरशील. बरी हो. उद्या दुसऱ्या होडीवर सराव, तेव्हा भेटू."

"बघ!" बाबा म्हणाले. खरंच, अगदी आनंदाने म्हणाले. "जे होतं ते भल्यासाठी. वर्षभर जागा हवी होती ना तुला? मिळाली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मिळाली? मुंगीच्या तोंडातून काढून तुम्ही माझ्या तोंडात घातलीत! पेटी तुम्ही मागे नेली. पट्टे तुम्ही बांधले. मी सांगत होते!"

"आवाज खाली."

"नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुमच्यासाठीच काढलीय का?"

"अगं!" आई मध्ये पडली. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि घरात सगळ्यांच्या भांडणावर पडदे टाकते. "वडील आहेत तुझे. घाबरले होते. माणूस घाबरला की बोलून जातो काहीतरी."

"मग आता घाबरलेले नाहीत ना? आता करा फोन. सांगा बाईंना."

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "पेटी मागे नेल्याने काही होत नसतं. वारं होतं घाटात."

"फोन द्या. तो फोटो दाखवा आईला."

"कोणता फोटो?"

मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला, हे चूक असेल तर असू दे. 'दमदार मंडळी' उघडलं. फोटो नव्हता. पुसला होता. पण खालची उत्तरं राहिली होती. पहिल्यांनी अंगठे दाखवले होते, आणि मग एका काकांनी लिहिलं होतं, "भाऊ, वजन मागे गेलंय. हुकावर दाब नसला की ट्रेलर डुलतो. उतारावर जाऊ नका, पेटी पुढे घ्या." त्याखाली बाबांचं उत्तर होतं, दुपारचं, आम्ही दवाखान्यात असतानाचं. "धन्यवाद. पोचलो सुखरूप."

मी ते मोठ्याने वाचलं. आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "वारं नव्हतं, पट्टे नव्हते. दुपारपासून माहीत आहे, आणि तरी तुम्ही मला म्हणताय, जागा मिळाली!"

"काय सांगू मग?" बाबा एकदम ओरडले. "एवढ्या पोरींसमोर, त्या बाईंसमोर सांगू, की फोटोसाठी केलं? मी काय तोंड दाखवू तिथे?"

"मुंगीने काय तोंड दाखवायचं?"

"ती लहान आहे. विसरेल."

"मीही लहान आहे. मी विसरणार आहे का?"

आई हळूच म्हणाली, "बाळा, घरातलं चव्हाट्यावर नको. मी त्यांना समजावते. दोन-चार दिवस जाऊ दे."

"दोन-चार दिवसांत मुंगी संघ सोडून देईल, आई. सगळ्या जणी तिच्याकडे कसं बघत होत्या ते तू पाहिलं नाहीस. खांबसुद्धा! तू दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतेस. समोर एवढं ठळक लिहिलंय, ते वाच ना!"

"एक लक्षात ठेव," बाबा बोट रोखून म्हणाले, "तू बोललीस, तर माझी गाडी तुमच्या त्या होड्यांना पुन्हा लागणार नाही. दुसरं कोण फुकट ओढणार आहे तुमचा ट्रेलर?"

हे खरं होतं. दुसऱ्या कोणाकडे तशी गाडी नव्हती. मी फोन त्यांना परत दिला आणि बाबांना वाटलं, जिंकले. त्यांचा चेहरा सैल पडला, तो बघून मला पुन्हा संताप आला, आणि रडूही आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

"नका ओढू," मी म्हणाले. "तळ्यातल्या तळ्यात वल्हवू आम्ही. पण मुंगीला घेऊन वल्हवू. आता दोघंही ऐका, मध्ये बोलू नका. उद्या सरावाच्या आधी, शेडमध्ये, सगळ्यांसमोर मी सांगणार आहे की पेटी कोणी मागे नेली आणि कोणी बांधली. मुंगीच्या जागेवर मी बसणार नाही. उद्या नाही, स्पर्धेलाही नाही. हे माझं ठरलंय, तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय. बाबा, मी सायकलने निघेन. तुम्हाला स्वतः सांगायचं असेल, तर माझ्या आधी पोचा."