करंगळीचा सूर

वरचा सा काही केल्या नीट वाजेना.

खालचे सूर कसे खणखणीत निघत होते, आणि टोकाला गेलं की आवाज एकदम बसायचा. शालिग्राम उगले यांनी पुन्हा खालून सुरुवात केली. पुन्हा तेच. धपर्यंत सगळं ठीक, नी जरा फिका, आणि वरचा सा तर भिंतीपलीकडून आल्यासारखा.

"याचा वरचा सा खराब हाय," ते दुकानदाराला म्हणाले.

दुकानदार धीरज, तिशीतला हसरा माणूस. वाशीमच्या बाजारात त्याचं वाद्यांचं दुकान होतं. त्याने पुढे वाकून त्याच चावीवर आपलं बोट मारलं. असा टणटणीत सूर निघाला की रस्त्यावरच्या ऑटोवाल्याने वळून पाहिलं.

"पाहा काका. माल एकदम चोख हाय. तुमीच हळू दाबून राह्यले. टचवाला कीबोर्ड हाय न हा. बोट जेवढ्या जोरानं पडन, तेवढा आवाज. करंगळी जरा हाणून मारा."

शालिग्रामनी हाणून मारली. म्हणजे त्यांना तरी तसंच वाटलं.

आता शालिग्राम उगले हे काही असंच उठून आलेलं गिऱ्हाईक नव्हे. आसेगावकडच्या उपकेंद्रात आरोग्यसेवक. अठ्ठावीस वर्षं घरोघरी फिरून रांजणात डासांच्या अळ्या बघायच्या, तापाच्या रोग्याचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, मोहीम निघाली की कुष्ठरोग्यांचा शोध घ्यायचा, आणि हे सगळं तक्त्यात भरायचं. त्या माणसाला तक्त्याशिवाय गोष्ट पटायचीच नाही. लेक सायली अकोल्याला बँकेत लागली आणि म्हणाली, "बाबा, पेटी लय वाजवली, आता तुमाले कीबोर्ड घेऊ." झालं! दोन महिने गृहस्थ मोबाईलवर कीबोर्ड बघत बसले. चाव्या किती, आवाज कोणते, वीज गेली तर सेलवर चालतो का, सगळं एका कागदावर उभ्याआडव्या रेघा मारून लिहिलं. बायको निता भाजीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, "एवढी चौकशी माह्या बापानं तुमची केली असती, तं मी आसेगावात दिसली नसती."

छाननी होऊन कागदावर तीनच उरले होते. पहिला साधा, एकसष्ट चाव्यांचा, बिनटचचा. दुसरा तेवढाच, पण टचवाला. तिसरा डिजिटल पियानो, अठ्ठ्याऐंशी चाव्यांचा, वजनदार. 'टच पाहिजेच' असं शालिग्रामनी स्वतःच खाली लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. भजनात शब्द हळू आला की सूरही हळू यावा, ही त्यांची जुनी हौस. आजवर ती पेटीवर भागलेली नव्हती.

"बाबा, पियानो तं वाजवून पाहा," सायली म्हणाली. ती मोठ्या खुशीत होती.

ते पियानोपुढे बसले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, सगळे सूर गोल आणि भरलेले. अनामिकेचा नी आला तो दबकत. करंगळी चावीवर ठेवून त्यांनी दाबली, तर चावी अर्धी गेली आणि आवाजच आला नाही. त्यांनी मनगटाचा जोर दिला. तेव्हा कुठे कुजबुजल्यासारखा सा निघाला.

ते उठून पहिल्या, बिनटचच्या कीबोर्डकडे गेले. सा रे ग म प ध नी सा. आठही सूर सारखे.

शालिग्राम घाबरले. कपाळावर घाम आला, आणि डोक्यावर तर पंखा गरगरत होता. कारण तीन वाद्यांत खोट नव्हती, हे आता दिसलंच होतं. आणि नेमकी कोणती दोन बोटं, तेही दिसलं होतं. अनामिका आणि करंगळी, एकाच हाताची. या दोन बोटांचा अर्थ काय असू शकतो, हे त्या दुकानात त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मन लगेच वकिली करायला लागलं. हात अवघडला असेल. मोटरसायकलचा दांडा धरून धरून होतं असं. साखर वाढली असेल, पन्नाशी उलटली की वाढतेच. पण मग शर्टाचं बटण हल्ली लागत नाही ते? आणि परवा करंगळीवर फोड दिसला, तो कधी भाजला हेच आठवलं नाही, ते? निताने विचारलंही होतं, तेव्हा "चहाचा गरम गंज लागला असन" म्हणून ते मोकळे झाले होते.

त्यांना लखीराम आठवला. मानोरा तालुक्यात नोकरीला असताना कुष्ठरोगाच्या मोहिमेत एका तांड्यावर भेटलेला. शालिग्रामनी त्याचा हात पाहिला तोवर दोन बोटं आकड्यासारखी वळली होती. तेव्हा ते तरुण होते, रागावले होते. "सहा महिन्यांच्या आत आला असता तं बोटं सरळ झाली असती. तुले समजलं नाही का रे?" लखीराम म्हणाला होता, "साहेब, दुखतच नव्हतं. मंग समजन कसं?"

सहा महिने. पण मोजायचे कुठून? पेटीला वारा देतो तो भाता, आणि भाता डाव्या हातात. उजव्या बोटाने नुसती पट्टी उघडायची. पट्टी उघडली की सूर पूर्ण. बोटात जीव असो नसो, पेटी सांगत नाही. भजनी मंडळात दर गुरुवारी वाजवलं, लोकांनी माना डोलावल्या, आणि त्या अवधीत बोटांतला जोर कधी ओसरायला लागला याचा पत्ताच नाही. दोन महिने झाले असतील, की वर्ष? हा विचार सगळ्यात भयंकर होता.

"हाच बांध," ते बिनटचच्या कीबोर्डवर हात ठेवून म्हणाले.

"हा?" सायली हसलीच. "बाबा, हे लेकराचं खेळणं होय. तुमीच तं लिहिलं, टच पाह्यजे म्हणून."

"लिहिलं असन. नाही पाह्यजे आता."

"पण काहून?"

"काहून काहून काय लावलं? वाजवणार मी हावो का तू?"

शालिग्राम कधी पोरीवर ओरडत नसत. धीरजने उगाच एक वायर गुंडाळायला घेतली. शालिग्राम पायऱ्या उतरून समोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि बाकावर बसले. चहाची इच्छा कोणाला होती! त्यांनी डाव्या हाताने उजव्या कोपराच्या मागे चाचपून पाहिलं. तिथली शीर हाताला लागली. या रोगात ती जाड होते. जाड होती का? दुसऱ्याची त्यांनी हजार वेळा अचूक ओळखली असेल. स्वतःची समजेना. कधी जाड वाटे, कधी वाटे, नाही, अशीच असते सगळ्यांची.

सायली मागोमाग आली होती. ती शेजारी बसली.

शालिग्रामनी खिशातून तो तक्त्याचा कागद काढला. उजवी अनामिका आणि करंगळी सरळ करून कागदाची कड त्यांच्या मधोमध धरली.

"ओढ," ते म्हणाले.

"काय?"

"कागद ओढ. जोरानं."

सायलीने ओढला. लोण्यातून केस निघावा तसा निघाला.

"पकडा न बाबा."

"पकडला होता, बाई."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. शालिग्रामनी कागद परत घेऊन पुन्हा धरला, या वेळी दात ओठ खाऊन. "आता." पुन्हा निघाला. डाव्या हातात धरला तेव्हा मात्र ओढता ओढता कागद फाटला. चहावाला बघत होता. सायलीला चाचणी माहीत नव्हती, पण बापाचा उतरलेला चेहरा तिला पुरेसा होता.

"काय होय हे?"

त्यांनी सांगितलं. नाव घेताना जीभ अडखळली. अठ्ठावीस वर्षं तोच शब्द दारोदार उच्चारला होता, कोणी तोंडावर दार लावलं तरी उच्चारला होता, आणि आज पोटच्या पोरीपुढे तो तोंडातून निघता निघेना. "असनच असं नाही," ते घाईघाईने म्हणाले. "दुसरंबी काही असू शकते. अन् असलं तरी गोळ्यानं बरं होते. फुकट हाय औषध. पण बोटाचं... बोटाचं ते किती दिवस झाले त्याच्यावर हाय."

सायली हळूच म्हणाली, "आईले माहीत हाय?"

"नाही. अन् ऐक बाई." त्यांनी फाटका कागद खिशात कोंबला. "माह्यं निघालं, तं घरातल्या सगळ्याईले तपासा लागते. तुह्या आईले, काकाच्या घरच्याईले. तुलेबी."

खरं तर हे त्यांना सांगायचंच नव्हतं. याच्याच भीतीने तर त्यांनी तो मुका कीबोर्ड मागितला होता. तो घेतला असता की घरी जाऊन आठही सूर सारखे वाजले असते, निता टाळ्या वाजवून म्हणाली असती, झाली एकदाची खरेदी. भजनात जागा राहिली असती, कोणी चहाचा कप वेगळा ठेवला नसता. आणखी चार महिने तरी कोणालाच काही समजलं नसतं, त्यांनाही नाही.

सायलीने डोळे पुसले. "मंग तपासू न," ती म्हणाली. "भेव तं मलेबी लागून राह्यलं. पण चाला."

"दवाखान्यात सगळे मले ओळखतात गं."

"ओळखू द्या."

दोघं आधी दुकानात गेली. धीरजने बिनटचचा कीबोर्ड खोक्यात घालायला घेतला होता. "थो नको," शालिग्राम म्हणाले. "टचवाला बांध. रोज समजन तरी, बोट किती चाललं ते." धीरजला यातलं काही कळलं नाही, पण त्याने मुकाट्याने दुसरं खोकं आणलं. नंतर घेऊन जातो, असं सांगून दोघं ऑटोत बसली.

सरकारी दवाखान्यात कुष्ठरोग तपासणीच्या खोलीबाहेर पाचसात माणसं होती. आत तपासणीला तनुजाबाई होत्या. शालिग्रामसोबत त्यांनी कित्येक मोहिमा केलेल्या. त्यांनी दारातच विचारलं, "या शालिग्रामभाऊ! पेशंट कुठी हाय?"

शालिग्राम रोग्याच्या स्टुलावर बसले आणि शर्टाची उजवी बाही कोपराच्या वर सारली.

तनुजाबाईंचं हसू गेलं. त्यांनी दार लोटून घेतलं, सायलीला खुर्ची दिली आणि टेबलावरचा बॉलपेन उचलला.

"डोळे मिटा, भाऊ. लागन तिथं बोट ठेवून दाखवा."

शालिग्रामनी डोळे मिटले. अंगठ्याजवळ टोक टेकलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट नेमकं तिथे ठेवलं. मग तळव्याच्या मध्यावर. तेही बरोबर. तर्जनी, मधलं बोट, सगळं बरोबर, आणि त्यांच्या छातीत उगीच आशा उठली.

मग काहीच झालं नाही. तपासणारा कधी कधी मुद्दाम थांबतो, रोग्याने अंदाजाने सांगू नये म्हणून. तेही थांबत असत. तनुजाबाई आता तशाच थांबल्या होत्या, की पेन करंगळीवर टेकवून झाला होता, हे त्यांना समजत नव्हतं. डावं बोट उजव्या हातावर अधांतरी धरून, डोळे गच्च मिटून, शालिग्राम वाट पाहत बसून राहिले.