शिट्टी माझी, चिंचोका तेजूचा

टण्ण!

दुपारच्या शांत स्वयंपाकघरात स्टीलच्या वाटीत एक चिंचोका पडला आणि पाठोपाठ कुणीतरी पुटपुटलं, "अजून दोन."

मित्रांनो, त्या आवाजानं मला वाचवलं. नाहीतर आत्ता मी नेसरी गावच्या गोठ्यात म्हशीच्या खाण्याचा भरडा शिजवत असतो. मी एक जुना कुकर आहे. कोल्हापूरच्या कळंब्यातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, डाव्या शेगडीवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या चकतीवर एक प्रचंड यंत्र दणकन आदळलं आणि मी खोलगट झालो. म्हणजे दाबाखाली राहणं मला काही नवीन नाही. पुढं स्वप्नाली आणि सम्राट यांच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. त्या लग्नात आम्ही चार कुकर होतो. बाकीचे तिघं खोक्यातच राहिले आणि एकेक करून दुसऱ्यांच्या लग्नांत आहेर म्हणून गेले. त्यांतला एक फिरत फिरत परत आमच्याच घरी आला, तेव्हा त्याला पुढच्याच लग्नात परत धाडलं. मी मात्र टिकलो, कारण मांडवातच माझ्या खोक्यावर आमटी सांडली होती.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मला चिंच लावून घासत, पुसून पालथं घालत. मग वर्षं गेली. दांडी हलू लागली. झाकण बसवायला एक खास झटका लागू लागला आणि तो फक्त स्वप्नालीच्या मनगटाला ठाऊक होता. शिट्टीचं तर विचारूच नका. कधी सणसणीत, कधी नुसतीच फुस्स.

स्वप्नाली घरी ब्लाऊज शिवते. तिचं मशीन चालू, माझी शिट्टी चालू, आणि तिचा हिशोब चुकलेला. "कितवी झाली ही?" असं ती भिंतीला विचारायची. भिंत काय सांगणार? मग डाळ कधी अख्खी निघायची, कधी तळाला चिकटायची, आणि बोलणी मी खायचो.

तेजू ही त्यांची सहा वर्षांची मुलगी. शाळेत फळ्यासमोर उभी राहून अंक म्हणताना ती तेरानंतर एकदम पंधरावर गेली. वर्ग हसला. त्या दिवसापासून तिनं मोजणं सोडून दिलं. जिने चढताना मोजेना, बिस्किटं मोजेना. "तुझी बोटं किती गं?" असं कुणी विचारलं, तर हात पाठीमागं लपवायची. स्वप्नालीच्या जिवाला त्याचा घोर लागला होता. रागावून काही होणार नाही, हे तिला कळत होतं. मग काय करावं, हे मात्र कळत नव्हतं.

एके दिवशी ती एका ब्लाऊजच्या गळ्यात इतकी अडकली होती, की तिनं सहज दोन वाट्या तेजूपुढं ठेवल्या. एका वाटीत थोडे चिंचोके होते, दुसरी रिकामी होती.

"शिट्टी झाली की ह्यातला एक त्यात टाकायचा. ही वाटी रिकामी झाली की मला हाक मार. आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

बघा, यात मोजायला कुणी सांगितलंच नव्हतं! तेजू उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसली. मी शिट्टी दिली. टण्ण. परत दिली. टण्ण. त्या दिवशी वरण असं झालं, की सम्राटनं वाटी चाटली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मशीनवरून स्वप्नालीनं विचारलं, "झालं का गं?" आणि उंबऱ्यावरून उत्तर आलं, "अजून दोन."

स्वप्नालीचा पाय मशीनवर थांबला. किती दिवसांनी त्या तोंडातून आकडा निघाला होता!

सम्राट कागलच्या एमआयडीसीत मोठ्या मशीनवर काम करतो. त्याला हा खेळ भलताच आवडला. "आमच्याकडंबी ह्योच धंदा. मशीनला एक एक पायरी सांगायला लागती. त्याला म्हणायचं प्रोग्राम. मशीन स्वतःचं डोकं चालवत न्हाय."

"मग तू मशीन हो," तेजू म्हणाली.

"दिवसभर मी मशीनला सांगतोय, आणि घरात मलाच मशीन करा!"

पण तो झाला. तेजू म्हणाली, "तांदूळ घाल." त्यानं पुडा न फोडता तसाच माझ्यात बसवला. "तसं नाही, फोडून!" त्यानं फोडला. "झाकण लाव." पाणी न घालता तो झाकण लावू लागला. लावू लागला म्हणजे काय, झगडू लागला. तो झटका त्याला कुठला यायला? तेजू हसून हसून आडवी झाली. मग उठून तिनं सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून सांगितल्या आणि एकही गाळली नाही.

पण एकदा घात झाला. वाटी वेळेआधीच रिकामी झाली आणि भात निघाला कच्चा, दाताखाली करकरीत. तेजूचा चेहरा पडला. "मला मोजता येतच नाही," असं म्हणून तिनं हात पाठीमागं नेले.

स्वप्नाली उंबऱ्यावर तिच्याशेजारी टेकली. "मोजलंस बरोबर. सांगताना माझंच काहीतरी राहिलं असणार. चल, शोधूया."

दोघी माझ्याकडं टक लावून बसल्या. मला जरा लाजल्यासारखं झालं. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि मी तर गपगार होतो! ती शेजारच्या तानाबाईंची होती. आमच्या दोन्ही खिडक्या एकाच बोळात उघडतात.

"आई!" तेजू ओरडली. "आपल्या कुकरची टोपीच नाही उडली!" डोक्यावरच्या शिट्टीला ती टोपी म्हणते. मग तिनं स्वतःच नियम केला: आवाज आला आणि टोपीसुद्धा उडली, तरच चिंचोका. नुसता आवाज आला, तर तो तानाबाईंचा. नुसती फुस्स झाली, तर ती कुणाचीच नाही.

दिवाळीत सम्राटला कंपनीतून भेट मिळाली. विजेवर चालणारा, पांढराशुभ्र, आपणच मोजून आपणच बंद होणारा कुकर. दिवाळी सरली, आणि नेसरीहून सम्राटची आई, आक्का, आल्या. त्यांनी खोकं पाहिलं, मग मला पाहिलं.

"नवं वापरा की. ह्यो जुना मी न्हेतो. म्हशीचा भरडा शिजवाय बेस हाय."

"न्हे की," सम्राट म्हणाला. माणूस किती पटकन बदलतो!

तेजूनं वाटी छातीशी धरली. स्वप्नाली घाईनं म्हणाली, "आक्का, आज रविवार आहे. आजचं मटण तेजूला शिजवू द्या ह्याच्यात."

"ही? हिला मोजाय येत न्हाय म्हनं."

तेजूचे कान लाल झाले. आक्कांच्या ते ध्यानात आलं असावं, कारण आवाज थोडा उतरला. "बरं. जमलं तर ऱ्हाऊ दे ह्यो. न्हाई जमलं तर सांजच्या एष्टीनं माझ्यासंगं."

मित्रांनो, रविवारची सकाळ आणि कोल्हापूर! खालच्या मजल्यावर मटण, वरच्या मजल्यावर मटण, तानाबाईंकडं तर दोन कुकर. अख्खी इमारत शिट्ट्या मारत होती. तेजू उंबऱ्याबाहेर बसली, वाटीत सहा चिंचोके. सम्राट मशीन होऊन शेगडीजवळ उभा. आक्का पाटावर बसून बोटांवर मोजत होत्या.

"झाल्या की सहा! बंद कर रं!"

"नाही आक्का. आपल्या तीनच झाल्यात."

"मला शिकवतीस व्हय? कान हायत मला! सम्राट, बंद कर म्हनतो न्हवं का!"

"मला न्हाय जमत आक्का. मी मशीन हाय."

"आईचं ऐकंना आन मशीन म्हनं! मटणाचा लगदा होतोय तिकडं!"

माझ्या पोटात खदखदत होतं. पुढची शिट्टी दिली, ती नुसती फुस्स. तेजूचा हात वाटीवर गेला, थबकला आणि मागं आला. मी मनात म्हटलं, शाब्बास. मग मी सगळा जोर लावून वाजवली, टोपी उडवली. टण्ण. आणखी एक. टण्ण. आक्कांनी तोंड फिरवून घेतलं होतं. शेवटचा चिंचोका पडला.

"मशीन, गॅस बंद!"

वाफ गेल्यावर झाकण उघडलं. आक्कांनी एक फोड घेतली, दाबली, तोंडात टाकली, बराच वेळ चावली. त्यांनी कौतुक केलं नाही. तांबड्या रश्श्याची वाटी पुढं सरकवून त्या एवढंच म्हणाल्या, "आनी वाढ."

सांजच्या एष्टीनं नेसरीला नव्या कुकरचं खोकं गेलं. भरडा शिजला की तो आता आपोआप बंद होतो म्हणे. म्हशीची काही तक्रार नाही.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या कुकरची रिंग वेळेवर बदला, शिट्टीत अडकलेली शितं काढत जा. आणि जवळ कुणी लहान मूल मोजत बसलं असेल, तर कृपा करून मध्ये बोलू नका. चुकलं तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

आक्का गेल्या. मला घासून पालथं घातलं. तानाबाईंकडंही सामसूम होती. तेजू उंबऱ्यावर बसून रिकाम्या वाटीकडं बघत होती, आणि स्वप्नाली जवळच एक हूक लावत होती.

"आई, आत्ता कुकर गप्प आहे ना?"

"हो की."

"मग तो वाजवतच नाही, का शून्य शिट्ट्या वाजवतोय?"

स्वप्नालीनं सुई कापडात टोचून ठेवली आणि ती उंबऱ्यावर तेजूच्या शेजारी येऊन बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं.