शब्दकोशात लपवलेली सावली

मित्रांनो, एका पत्राला सात वर्षं उत्तर गेलं नाही. ते पत्र माझ्याच पाकिटात होतं, म्हणून ही हकीकत मीच सांगायला हवी. नीट सांगता येईल की नाही, याची मात्र मला शंकाच आहे.

मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे, अख्ख्या जबड्याची. माझे मालक छापखान्यात मुद्रितं तपासत. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना यंत्रापुढे उभं केलं, हनुवटी टेकवायला लावली, दातांत एक छोटी दांडी धरायला दिली. "आता अजिबात हलू नका हं." यंत्राचा हात गुरगुरत त्यांच्या डोक्याभोवती फिरला आणि अंधाऱ्या डबीत माझ्या अंगावर सगळे दात, मुळं, हाडं उमटली. शेवटच्या दाढेखाली वाटाण्याएवढी एक काळी सावलीही उमटली. तिला सर्वांत आधी मीच घाबरले.

दुखत काहीच नव्हतं. हाडाच्या आतलं आरशात दिसत नाही, म्हणून तर आम्ही लागतो.

बाईंनी पत्रात लिहिलं होतं : 'दाढेखाली गाठ असावी. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढून या फिल्मशी ताडून पाहू. येणार ना? कळवा.'

मालकांनी ते दोनदा वाचलं आणि आम्हा दोघांना जाड शब्दकोशात घातलं. अधूनमधून ते मला खिडकीपाशी धरत, उजव्या जबड्यावरून बोट फिरवत, "नाही दुखत" असं पुटपुटत आणि कोश मिटत. माझ्यावरची सावली होती तेवढीच राहिली. पण त्यांच्या हाडातली? पानांच्या अंधारात मला दुसरं काही सुचत नसे.

एके दिवशी शब्दकोडं सोडवताना त्यांच्या पत्नीने कोश उघडला.

"अहो, तुमचा जबडा शब्दकोशात कोणत्या अक्षराखाली येतो?"

"ठेव ते. उजवीकडे काहीतरी आहे. मी तिकडून चावतच नाही, सगळं डावीकडून खातो."

पत्नीने पत्र वाचलं. मग मला उजेडात धरलं. त्या शिवणकाम करत. समोर उभ्या माणसांची मापं घेण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"हा फोटो समोरून बघायचा असतो. समोरच्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. आणि कोपऱ्यात हे इंग्रजी 'एल' कशाला आहे?"

"कंपनीची खूण असेल."

"कंपनीची! जगाच्या चुका काढल्यात आणि घरचीच सुटली. डावी बाजू आहे ही!"

मालकांचं बोट हळूहळू डाव्या जबड्यावर गेलं. दाबलं. तिथे फुगवटा होता. त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला.

"मला भीती वाटत होती गं."

"मग मला सांगायचं. दोघं मिळून घाबरलो असतो."

दवाखान्यात आता नवे डॉक्टर होते. पडद्यावर नवा फोटो आला, शेजारी उजेडावर मला लावलं. वाटाण्याचं लिंबू झालं होतं. खालचं हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ उरलं होतं.

"ही जुनी फिल्म जपलीत ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "गाठ सावकाश वाढली आहे, हे त्यातल्या त्यात चांगलं. पण आता कडक काही चावलंत तर जबडा मोडेल. परवा गाठ काढू आणि तपासायला पाठवू."

"तपासणीत काय निघेल?"

"ते आज सांगता येणार नाही."

मित्रांनो, आम्हाला जपा, पण लपवू नका. आम्ही त्या एका दिवसापुरतंच खरं सांगतो. पुढचं कळायला पुन्हा यावंच लागतं.

निघताना मालकांनी पत्र लिहिणाऱ्या त्या जुन्या डॉक्टरीणबाईंचा नवा पत्ता मागून घेतला. ठरलेल्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या फाटकाशी, टपालपेटीजवळ ते थांबले. मी त्यांच्या काखेत होते. बाईंना लिहिलेलं खिशातलं पोस्टकार्ड त्यांनी पुन्हा एकदा तपासलं : 'बाई, आपण बोलावलं होतं. सात वर्षं उशीर झाला. फार घाबरलो होतो, अजूनही घाबरलेलोच आहे. पण आज आलो आहे.'

पत्नीने त्यांचा कोपर धरला. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज झाला.